कॉफीची घुसळण

कासार आंबोलीच्या फाट्यावर पुण्याच्या एसटीची वाट पाहत होतो. साल बासष्ट असावं. मागे दोन बाया बोलत होत्या.

"बायजा, पदरात काय धरलंयस एवढं घट्ट?"

"काच हाय, रंभाकाकी. बंगल्यातल्या बाईंचं कॉफीचं भांडं फुटलं माज्या हातनं."

"आगं बया! कशानं?"

"त्याला वरनं दांडा आन् दांड्याला खाली जाळी. बाईंनी दावलं हुतं. पूड टाकायची, कढत पानी वतायचं, जरा थांबायचं, मंग दांडा हळूच खाली दाबायचा."

"मंग?"

"पुण्याला जाताना म्हनल्या, आल्यावर तुज्याच हातची पिते. म्हनून करून बघाया गेले. दांडा हातात आला, आन् मी घुसळायलाच लागले की, ताकावानी!"

"रवी समजलीस व्हय!"

"हाताला सवय तीच. काच तडकली, समदं भुईवर."

"भाजलं न्हाई ना?"

"भाजलं. त्याचं काय न्हाई. मालकांनी इलायतेतनं आनलं हुतं ते. मालक गेल्यापास्नं बाई कुनाला हात लावू देत नव्हत्या."

"आन् तुला दिलं?"

"मला दिलं."

"आता कुटं निघालीस?"

"पुण्याला. असलंच दुसरं मिळतंय का बघते, बाई यायच्या आत."

तेवढ्यात पुण्याहून आलेली गाडी समोर थांबली. पांढऱ्या पातळातल्या एक बाई उतरल्या.

"अगं बायजा! मला घ्यायला आलीस?"

"व्हय, बाई."

"शहाणी गं माझी. चल, डोकं नुसतं भणभणतंय, आधी कॉफी कर. आणि पदरात काय, करवंदं?"

"व्हय, बाई."

"मग दे की चार."