कंबर बरी झाली तर

मणक्यांच्या दवाखान्यात खुर्च्या भरपूर असतात आणि बसायला कोणीच तयार नसतं. माझ्या शेजारी भिंतीला टेकून एक सासरे आणि त्यांचे जावई उभे होते.

“मामा, आज दहावी खेप. दहा खेपांत कंबर मोकळी होईल, असं डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या.”

“झाली की! ना गोळी, ना सुई. नुसती बोटं टेकवतात हो. पहिल्या दिवशी मला वाटलं, दाबायचं विसरल्या.”

“मग आता?”

“आता उद्याची गाडी. कंबरेसाठी आलो होतो, ती बरी झाली. उगाच जावयाच्या घरी पडून राहणाऱ्यांतला मी नाही.”

“तिकडे घरी आहे कोण?”

“कुलूप आहे.”

“मामा, तुमची मान कशी आहे?”

“ठणठणीत! ही बघा, इकडे वळते, तिकडे…”

“वळवू नका! काल बुद्धिबळात माझा हत्ती मारलात, तेव्हा ती कुरकुरली. मी ऐकलं.”

“खुर्ची कुरकुरली, जावईबापू.”

“मानच. तुमची लेकसुद्धा म्हणाली, मानेला अजून दहा खेपा लागतील.”

“ती म्हणाली?”

“सकाळीच. तुमची बॅग माळ्यावर टाकता टाकता.”

“आणि मान बरी झाली की?”

“गुडघे आहेत ना! तेही दोन.”

दार उघडून बाईंनी विचारलं, “या आजोबा. आज कसं वाटतंय?”

“कंबर झकास. पण ही मान जरा धरलीय.”

“कुठल्या बाजूला?”

म्हातारबुवा वळले.

“कुठल्या हो, जावईबापू?”