गोठ्यातली भिंत

सोलापुरात रंगाच्या दुकानात माझ्यापुढं मैंदर्गीची एक म्हातारी उभी होती.

"मायाक्का, लई वर्सांनी आलीस!"

"तांबडा रंग द्या, शेट. भिंतीवर चित्रं काडायचीत. त्यो विलायती डबा लई चमकतोय की."

"तो लाकडाला. मातीच्या भिंतीवर पापुद्रे सुटतील. भुकटी घे, सरसात कालव. कुणाकडं लगीन हाय?"

"लग्नघराची भिंत मला कोण शिवू देतंय? आदी गावातली सगळी नवरा-नवरी मीच काडायची. मालक गेल्यावर कुंचला सुटला."

"मग ही भिंत कुठली?"

"शेरडांच्या गोठ्यातली."

"गोठ्यात काय काढणार?"

"नवरा-नवरीच की."

"गोठ्यात?"

"व्हय. शेरडं काय माजं कपाळ बगत न्हायती."