दादा गेल्याची बातमी

हसायचं तर हसा, पण त्या दिवशी मी काय करून बसलो ते मला अजून कळलेलं नाही.

माझा थोरला भाऊ धायरीतल्या आमच्या खोलीत बसून मोबाइलवर स्वतःचं चॅनल चालवायचा. राजकारणावर बोलायचा. रोज शेवटी सांगायचा, "टीव्हीवर दाखवलं म्हणून खरं मानू नका. पुरावा मागा."

दादा हार्ट अटॅकने गेला. दहाव्यानंतर मी त्याच्याच खुर्चीत बसलो, लाइव्ह सुरू केलं आणि म्हणालो, "दादा गेला."

खाली धडाधड कमेंट यायला लागल्या.

"पुरावा दाखवा."

"दादांना कुणी गप्प केलं?"

"हा पोरगा पढवलेला वाटतो."

माझं डोकं फिरलं. मी शिव्या दिल्या. तर एकाने लिहिलं, "बघा, घाबरला."

एवढी माणसं म्हणतात म्हटल्यावर मीच गोंधळलो. अग्नी मी दिला होता, तरी दादा आत येतो की काय म्हणून मान वळवून दाराकडे पाहिलं.

मी लाइव्ह बंद केलं. लगेच त्याच मोबाइलवर लोणी काळभोरच्या एका आजोबांचा फोन आला. ते दादाला रोज ऐकायचे.

"लेका, ही बातमी कुठल्या टीव्हीवर दावली का?"

"नाही हो आजोबा, कुठेच नाही."

"पेपरात?"

"पेपरातही नाही."



"मंग खरंच हाय म्हणायचं," असं आजोबा म्हणाले, आणि फोनवरच रडायला लागले.