ओदिलियांना दुसऱ्यांदा निरोप

आजच्या सभेच्या अध्यक्ष आणि आपल्या संघटनेच्या प्रमुख मिर्यामबाई, व्यासपीठावरचे व्यवस्थापक कार्दोनासाहेब, सत्कारमूर्ती ओदिलियाबाई, आणि गुलाबांची हरितगृहं दुपारपुरती सोडून आलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

मी एव्हेलिओ, कापणीचा मुकादम. ओदिलियांना निरोप देणारं हे माझं दुसरं भाषण. हसू नका! पहिलं बारा वर्षांपूर्वी याच सभागृहात झालं. तेव्हा त्या निवृत्त होत नव्हत्या. आम्ही त्यांना घालवत होतो.

व्हॅलेंटाइनचा हंगाम काय असतो, हे तुम्हाला का सांगायला हवं? सतरा वर्षं कात्री चालवून ओदिलियांचं उजवं मनगट कामातून गेलं. साधा कप धरवेना. डॉक्टरांनी लिहून दिलं, कात्री बंद, हलकं काम द्या. तेव्हाच्या साहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, "एव्हेलिओ, केक आण, चार गोड शब्द बोल आणि राजीनाम्यावर सही घे." आपल्याकडे रीतच पडली होती ती. सगळ्यांसमोर केक खाल्ल्यावर नाही कोण म्हणणार? कितीजणी डोळे पुसत सही करून गेल्या!

मी बोललो, आणि काय बोललो हो! स्वतःच गहिवरलो. ओदिलियांनी शांतपणे केक संपवला आणि म्हणाल्या, "मुकादम, भाषण झकास झालं. पण मी जातेय कुठे? मनगट इथंच गेलंय माझं. मला काढायचं तर आधी कामगार निरीक्षकाची परवानगी आणा. कायदा आहे तसा."

मी कुजबुजलो, "अहो, साहेब चिडतील!"

"चिडू देत की. केक उरलाय का अजून?"

आठवड्याभरात त्यांना काढलं. घरी दोन मुली शिकत होत्या, दुसरी मिळकत नव्हती. कारण लिहिलं, 'आळशी'. खाली साक्षीदार म्हणून सही माझी.

त्यांनी डाव्या हाताने अर्ज लिहिला आणि न्यायालयात गेल्या. न्यायाधीशबाईंनी मला विचारलं, "ही बाई आळशी होती?" मी म्हणालो, "हो."

"निरीक्षकाची परवानगी घेतली होती?"

"नाही."

"मग काढणं रद्द. परत घ्या, आणि तिला झेपेल असं काम द्या."

सोमवारी सकाळी ओदिलिया माझ्यासमोर उभ्या. "नमस्कार, मुकादम. कुठे बसू?" बस्स, एवढंच! मला मान वर करवेना. त्यानंतर बारा वर्षं त्यांनी प्रतवारीच्या टेबलावर नुसत्या नजरेने फुलं निवडली, घरच्या दोन्ही मुलींना शिकवलं. आणि तो केक पुन्हा कुणाला खावा लागला नाही. पहिल्या रांगेतल्या तिघी दुखऱ्या हातांनिशी आजही कामावर आहेत, त्या यांच्यामुळे.

असो, फार बोललो. अध्यक्षांचे आभार, सकाळपासून चुलीशी राबणाऱ्या मंडळींचे आभार. शेवटी काही चुकलं असेल तर सांभाळून घ्या, असं म्हणायचं असतं. मला तसं मोघम म्हणून चालणार नाही.

ओदिलिया, तुम्ही आळशी नव्हतात. मला तेव्हाही ठाऊक होतं. माझी नोकरी जाईल या भीतीने मी न्यायालयात खोटं बोललो. माझ्या सहीचा तो कागद अजून तुमच्या फाइलमध्ये आहे. कार्दोनासाहेब, तो खोटा आहे, असं मी आज सकाळी ऑफिसात लेखी दिलंय. माझं काय करायचं ते तुम्ही ठरवा.

ओदिलिया, मला माफ करा.