सोडलेली दोरी

थोरला : बस रे एका जागी. येरझाऱ्या घालून डोकं उठवलंस माझं.

धाकटा : बसवत नाही, दादा. ताई कधीही बाहेर येईल. काय सांगणार आहेस तिला?

थोरला : सांगेन, दोरी सुटली आणि भाऊजी पडले.

धाकटा : सुटली?

थोरला : हळू बोल, दवाखाना आहे.

धाकटा : तू सोडलीस. अख्खी परांची त्या दोरीने खिडकीच्या गजाला धरलेली, आणि तू चौकट रंगवायला सोडलीस.

थोरला : सगळेच रंगारी सोडतात. दोरी आड आली की मागचा पट्टा कोरा राहतो, मग मालक नेमकं तिथेच बोट ठेवतो.

धाकटा : सोडतात, पण बांधायचं विसरू नये म्हणून खांद्यावर टाकतात. परत बांधेपर्यंत उतरवायची नाही. तूच शिकवलंस मला.

थोरला : मान सोलून निघाली होती घामाने. म्हटलं, रंगाचा डबा भरून आणतो आणि बांधतो. खाली मुकादमाने बोलण्यात गुंतवलं, तेवढ्यात भाऊजी चढले. पण एक सांग, दोरी मी खांद्यावरून उतरवली हे तुला कसं कळलं?

धाकटा : आता ते कशाला?

थोरला : बोल ना.

धाकटा : शेजारच्या खिडकीतून दिसली. कट्ट्यावर पडली होती.

थोरला : भाऊजी पडल्यावर?

धाकटा : चढायच्या आधी.

थोरला : आणि तू गप्प बसलास?

धाकटा : तुझी बाजू होती ती. गेल्या आठवड्यात तुझी गाठ नुसती ओढून पाहिली, तर चार माणसांत काय म्हणालास? ‘कालचं पोर मला गाठी शिकवतंय.’ म्हणून आज म्हटलं, मरू दे, आपल्याला काय करायचंय. मरू दे म्हटलं रे मी, दादा.

थोरला : अरे, एक हाक मारायची होतीस. मी विसरलो, तू बघून गप्प राहिलास. माझ्यापेक्षा तुझंच पाप जास्त आहे.

धाकटा : वा! सोडणारा तू आणि जास्त माझं? मी हात तरी लावला का दोरीला?

थोरला : नाही लावलास. तेच तर म्हणतोय.

(आतलं दार उघडून ताई बाहेर येते.)

ताई : शुद्धीवर आलेत. पाय मोडलाय. कंबरेचं डॉक्टर उद्या सांगतो म्हणाले.

थोरला : ताई, तुला एक सांगायचंय. ती दोरी...

ताई : ते पण दोरीचंच धरून बसलेत. परत बांधली का, परत बांधली का, एवढंच विचारतायत. मुकादम काही काम थांबवायचा नाही, जेवणं आटोपली की बाकीचे तिथेच चढणार म्हणे. बांधलीत ना?

धाकटा : आम्ही भाऊजींना उचललं आणि तसेच धावलो गं. मला वाटलं, दादाने...

थोरला : मला वाटलं, हा बघेल.

ताई : आधी फोन लावा आणि सगळ्यांना खाली उतरवा. कोणी सोडली ते मला संध्याकाळी सांगा.