पिल्लू गेलं

हॅलो?… हां, गायत्री, उमाक्काच बोलतेय… ऐकू यायलंय का?… थांब, बांधावर येते, ह्या कडब्याच्या कोपीत रेंज न्हाय…

हां, बोल आता… व्हय, म्याच फोन केलता सकाळी. तू वर्गावर असशील… अगं, सांगायचं एवढंच, पिल्लू गेलं…

हॅलो?… गायत्री?… बोल की…

रडायला काय झालं?… कावळे कुठले?… न्हाय, साप बी बाधला न्हाय… अगं ऐक ना… मेलं न्हाय गं बाई, उडालं. उडून गेलं… व्हय, आपल्या पंखांनी… पूस डोळं आधी. शाळेतली पोरं बघत असतील.

म्या म्हणलं ते जाण्याचं 'गेलं'. आता मास्तरणीला मराठी म्या शिकवू का?… बरं, बरं. चुकलं माझं.

सांगते की सगळं… सकाळी वैरणीला आले, तर ते घरट्याच्या कडंला उभं. रोज पंख हलवून परत आत बसायचं ना, तसंच असंल म्हणलं. आई त्याची तारेच्या खांबावर, तोंडात साप, शेपूट बाहेर लोंबायलेलं. तुझ्या त्या मोठ्या फोटोत हाय, तसंच… व्हय, पर आज भरवायला गेलीच न्हाय ती. तिथंच बसून राहिली. पिल्लू ओरडून ओरडून दमलं आन सुटलं की कडुलिंबाच्या झाडावरनं खाली… अगं, ढेकळांना टेकायच्या आत सावरलं त्यानं. माझा वैरणीचा भारा कवा पडला मलाच कळलं न्हाय.

फोटो?… काढलाय. मोबाइलवर… तुझ्यासारखा कुठला गं. आभाळ आलंय आन माझा अंगठा… न्हाय, पिल्लू न्हाय त्यात… तरी पाठव? कशाला, अंगठा बघायला?

व्हय गं, मला बी वाईट वाटलं. येळवशीच्या अवसेपासनं दर आयतवारी तुळजापूरहून यायचीस, कडब्याला भोक पाडून कोपीत बसायचीस. अंडं झालं, कापसावानी पिल्लू झालं, आन आजचाच फोटो तेवढा राहिला. येळवशीची पूजा झाली की कोप मोडून कडबा जनावरांना घालतेत सगळे. तुझ्या दाजीनं तुझ्या कॅमेऱ्यापायी आजवर उभी ठेवली.

… लिंबाचं काय म्हणजे? तेच सांगायला फोन केलता. पिल्लू जाईपर्यंत झाडाला हात लावत न्हाय, असा शबुद तुला दिलता त्यांनी. झाड तोडणाऱ्या शंभुलिंगला बी दिलाय, पिल्लू गेलं की करवत घेऊन ये म्हणून… न्हाय, अजून सांगितलं न्हाय म्या. सकाळीच हे लोहाऱ्याच्या बाजाराला गेलेत…

सांगू नको म्हणतेस?… गायत्री, ह्या माणसानं गोठ्याचं काम खोळंबून ठेवलं तुझ्या पाखरापायी. लाकूड ह्याच झाडाचं धरलंय त्यांनी. गाव हसायलंय, भीमाशंकरनं घारीला भाडेकरू ठेवलंय म्हणून… बरं, गरुड. सापमार गरुड. तरी हसतेतच ना… आन त्यांनी शबुद पाळला तर म्या त्यांच्याशी लबाड बोलू?

… अगं, मला काय लिंब नकोसा झालाय का? लग्न होऊन आले तवापासनं त्याच्याच सावलीला जेवतेय म्या… व्हय, पुढच्या साली ती जोडी परत येईल म्हणाली होतीस. खात्री न्हाय, असं बी तूच म्हणाली होतीस…

थांब. गाडीचा आवाज आला… हेच आलेत. मागं शंभुलिंग हाय… न्हाय, करवत दिसत न्हाय. दोर हाय खांद्यावर, माप घ्यायला असंल… हळू बोल जरा.

झाडाखाली उभारलेत. शंभुलिंग बुंध्याला कवळा घालून बघायलाय… पिल्लू? लांब न्हाय गेलं ते. विहिरीच्या कठड्यावर बसलंय, ह्यांच्या अगदी समोर… व्हय, बघितलं त्यांनी. लई येळ बघितलं. आता माझ्याकडं बघायलेत… आता काय लपवायचं गं. राहिलं.

… गप, ऐकू दे मला…

गायत्री… काय म्हणतेत माहिताय?… शंभुलिंगला म्हणतेत, हाय अजून घरट्यात… व्हय गं, तुझं दाजी. रिकाम्या घरट्याकडं बोट करून. लई कोवळं हाय म्हणतेत, आत्ताच न्हाय उडायचं… शंभुलिंग विहिरीकडं बघून विचारायलाय, मग ते काय बसलंय… ते दुसऱ्याचं हाय, म्हणतेत.

म्या ह्या घरात आल्यापासनं हा माणूस कधी लबाड बोललेला ऐकला न्हाय…

आता परत कशाला रडायलीस?… बरं, ठेवते. शंभुलिंगला चहा करायला पायजे, उगंच हेलपाटा झाला त्याला… आयतवारी ये. कोप हाय उभी.

… ओ, आले… काय?… गायत्रीचा फोन हाय… काय सांगू तिला?…

… बरं.

गायत्री, तुझं दाजी सांगायलेत, पिल्लू गेलं न्हाय… व्हय. ठेवते.