हरलेल्याचा शर्ट

—नाही नाही, पिशवीत परत नका कोंबू, मिस्टर व्हिटलॉक, इथेच बाकावर पसरा, बघू तरी द्या. वा! शर्टच शर्ट! इतक्या शाळांना हरवलं तुमच्या लेकीनं, सटननं? शर्यत हरलेली पोरगी धक्क्यावरच अंगातला शर्ट उतरवते नि जिंकणारीच्या हातात देते, ही आम्हा वल्हवणाऱ्यांची रीत— कुणीतरी सांगितलेली दिसतेय तुम्हाला. पण अर्धीच सांगितली हो! अंगातला म्हणजे अंगातला. घामानं चिंब, नदीचा वास मारणारा, आणि समोरची पोरगी जेवढी असेल तेवढ्या मापाचा— एखादा ढगळ, एखादा तोकडा. तुमचे सगळे एकाच मापाचे कसे? सगळीकडून नेमक्या सटनच्याच अंगाच्या पोरी हरल्या? आणि ही घडी बघा, दुकानातली घडी आहे ही. नका, बोलू नका. तुम्ही बोललात की मला जास्त किळस येईल.

पोरीवर राग नाही माझा. गाडीतच बसलीय ना? बसू दे. मघाशी हात मिळवला मी तिच्याशी— वल्ह्यानं पडलेला एक घट्टा नाही तळव्यावर! मान खाली घातली तिनं. मला कळलंय हे तिला कळलं, तुम्हाला मात्र नाही कळलं. घट्टे बघायचेत? तिकडे वर मेन राज्यातून नोएल थिबोडो आली होती उन्हाळ्यात. आई शाळेची बस चालवते, आणि ही पोरगी तळ्याच्या कडेला बर्फ धरेपर्यंत एकटी वल्हवते. अभ्यासातही पक्की. या कॉलेजच्या दारातून वर्गात पहिली आलेली पोरं ढिगानं परत जातात, ठाऊक आहे ना? मी, इथल्या कोचनं, खेळाडू म्हणून नाव दिलं की मात्र दार उघडतं. म्हटलं, नोएल, तुझं नाव देते. माझ्या शब्दावर तिनं बाकीच्या कॉलेजांना नकार कळवून टाकला. माझ्या शब्दावर!

काय म्हणालात? जागा रिकामी आहे? कोण म्हणालं— डीन. हो, म्हणालेच असतील. काल इथेच आले होते ते. तुमच्या खर्चानं व्हायच्या नव्या बोटघराचा नकाशा याच बाकावर पसरला होता त्यांनी, आत्ता जिथे तुमचे शर्ट आहेत ना, अगदी तिथेच. दारावर तुमचं आडनावसुद्धा काढलेलं. आणि मी— छप्पर गळतं हो आमचं, बोटी कुजतायत, ते काही खोटं नाही— मी म्हटलं, छान आहे नकाशा. एवढंच म्हटलं. मग त्यांनी सटनचं नाव पुढे सरकवलं आणि मी— शी! तुमची किळस येतेय म्हणतेय मघापासून, तुमचं एकट्याचं काय घेऊन बसलेय मी!

मग हे शर्ट आणायची गरजच नव्हती, म्हणता? नव्हतीच. कालच झाली नोएलची जागा तुमची. उगाच दुकानं पालथी घातलीत.

फोन वाजतोय माझा. नाही, नंतर नाही चालणार— नोएलच आहे. रोज करते. आज काय काय केलं सांगते, आणि मग विचारते, कोच, मी आणखी काय करू?

थांबा. हे माझ्या अंगातलं जॅकेट घ्या. अहो घ्या म्हणते ना! कॉलेजचं नाव आहे यावर. दोन्ही हातांनी धरा, रीत आहे आमची— हरलेल्यानं अंगातलं काढून द्यायचं. तुम्हाला नाही बसणार ते. बसायचं नसतंच. निघा आता. निघा, मला फोन घ्यायचाय.